बसवणे आणि बसणे

मराठीत 'बसणे' या क्रियापदाचा संसार एवढा मोठा आहे की त्यात पाहुणे बसतात, घसा बसतो, विश्वास बसतो, धक्का बसतो आणि वर्षातून एकदा गणपतीही बसतो. मात्र या क्रियापदाचे दोन परस्परविरोधी अर्थ एकाच जागी, एकाच वस्तूच्या बाबतीत आणि एकाच पावसाळ्याच्या अंतराने सिद्ध झालेले पाहायचे असतील, तर बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंत घातलेल्या पेव्हर ब्लॉकांकडेच जावे लागते. मे महिन्यात ते बसवले जातात आणि ऑगस्टमध्ये ते बसतात. पहिल्या क्रियेचे पैसे कंत्राटदार घेतो, दुसरी तो फुकट करून देतो.

पेव्हर ब्लॉक म्हणजे साच्यात ओतून किंवा यंत्राच्या दाबाखाली घडवलेला काँक्रीटचा ठोकळा. तो फरशीप्रमाणे सिमेंटने चिकटवीत नाहीत, तर दाबून घट्ट केलेल्या पायावर वाळूचा पातळ थर अंथरून त्यावर नुसता मांडतात. आणि यातले 'नुसता मांडतात' एवढेच दोन शब्द बंगलामालकापर्यंत पोहोचलेले असल्यामुळे हे काम दोन दिवसांत, दोन माणसांत आणि शेजाऱ्याने दिलेल्या दरापेक्षा कमी दरात व्हावे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ज्या जागेवर हा ठोकळा मांडतात तिला इंग्रजीत 'ड्राइव्हवे' असे नाव असले तरी मराठीत स्वतंत्र नाव नाही, कारण मराठी घरापुढे अंगण होते आणि अंगणात गाडी नव्हती. पुढे गाडी आली, अंगणाचे पार्किंग झाले, तुळशीवृंदावन कोपऱ्यात सरकले आणि गाडी मागे घेताना त्याला धक्का लागू नये म्हणून त्याच्यापुढे उरलेला एक पेव्हर ब्लॉक आडवा टाकून ठेवण्याची प्रथा पडली.

जुन्या अंगणाचे शास्त्र वाटते त्यापेक्षा अवघड होते. कोकणात दिवाळीच्या सुमारास पावसाने धुपलेले अंगण खणून मोकळे करीत, ढेकळे फोडून पाणी शिंपडीत, ती माती मुरू देत आणि मग 'चोपणे' नावाच्या जाड लाकडी साधनाने घरची माणसे ती बडवून काढीत. त्यावर शेणाचे सारवण पडले की जमीन पुढच्या पावसापर्यंत निश्चिंत होई. ओलावा, थर आणि आघात ही आजच्या फरसबंदीच्या शास्त्राची तिन्ही प्रकरणे या कृतीत आलेली आहेत. फरक इतकाच की, चोपणाऱ्याला त्याच अंगणात पुढे सात-आठ महिने वावरायचे असे, तर ब्लॉक बसवणाऱ्याला संध्याकाळपर्यंत दुसऱ्या साइटवर पोहोचायचे असते.

ठोकळ्यांच्या फरसबंदीची कुळकथा थोडक्यात सांगता येते. रोमनांनी इसवी सनपूर्व ३१२ मध्ये बांधायला घेतलेल्या आप्पियन मार्गावरचे दगड काही भागांत आजही जागेवर आहेत. काँक्रीटचा ठोकळा मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे: नेदरलँड्समध्ये रस्ते भाजलेल्या विटांचे असत, पण युद्धानंतर विटा पडक्या घरांसाठीच अपुऱ्या पडू लागल्याने रस्त्यांसाठी काँक्रीटच्या विटा पाडण्यात आल्या, आणि १९६० च्या दशकात जर्मनीत एकमेकांत अडकणारे नागमोडी आकार निघाले. भारतात या ठोकळ्यांसाठी २००६ साली भारतीय मानक १५६५८ प्रसिद्ध झाले. जिथे वाहन जात नाही तिथे ५० मिलिमीटर आणि हलकी वाहने जातात तिथे ६० मिलिमीटर जाडी असावी, ठोकळ्याने सरासरी ६ टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ नये, असे दंडक त्यात आहेत. हे मानक वाचलेला बंगलामालक सहसा आढळत नाही. ब्लॉकवर नारळासारखी टिचकी मारून 'आवाज चांगला आहे' असा निर्वाळा देणारे काका मात्र प्रत्येक गल्लीत आढळतात.

काकांचा सल्ला घेण्याची पाळी येण्यापूर्वी कुटुंबात रंग आणि आकार यांवरून जो विचारविनिमय होतो, त्याला साधारणपणे एक हिवाळा लागतो. झिगझॅग, डंबेल, कॉस्मिक अशी आकारांची नावे विक्रेता वधूवरांची स्थळे सांगावीत तशा आवाजात सांगतो. सासूबाईंना लाल हवा असतो, सुनेला राखाडी हवा असतो, आणि रबराच्या साच्यात ओतलेला चकचकीत ब्लॉक मुलाला आवडतो, कारण त्यात चेहरा दिसतो. यंत्राने दाबलेला ब्लॉक दिसायला खरबरीत असला तरी पावसात पाय धरून ठेवतो आणि चकचकीत ब्लॉक जुलैत शेवाळ आले की पाय सोडून देतो, हा मुद्दा चर्चेत कोणीही काढत नाही. रंग हा ठोकळ्याच्या वरच्या सेंटिमीटरभर थरातच असतो, तो बहुधा लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे शुद्ध मराठीत गंजाचा असतो, आणि ज्यासाठी हिवाळा खर्ची पडला ती छटा दोन उन्हाळ्यांत शेजाऱ्यांच्या छटेइतकीच मातकट होते. या सगळ्या काळात ब्लॉकखाली काय घालायचे हा प्रश्न एकदाच येतो आणि 'ते कंत्राटदार बघेल' या तीन शब्दांत निकालात निघतो.

अलीकडे या चर्चेत एका नव्या वाणाची भर पडली आहे. तो म्हणजे मोठा ब्लॉक: दोन फूट लांब, दोन फूट रुंद, राखाडी, गंभीर आणि नवश्रीमंत. परदेशी घरांच्या छायाचित्रांत तो हिरवळीच्या कडेने शांतपणे पहुडलेला असतो आणि त्याच्यावर एक पांढरी मोटार उभी असते; त्या छायाचित्रात खालचा पाया दिसत नाही, कारण छायाचित्रकार वरून छायाचित्र काढतो. दहा फूट रुंद आणि तीस फूट लांब अशा जागेचे क्षेत्रफळ तीनशे चौरस फूट, म्हणजे बांधकामाच्या भाषेत तीन ब्रास होते. तेवढ्या जागेला विटेएवढे, २० सेंटिमीटर लांब व १० सेंटिमीटर रुंद, ठोकळे सुमारे चौदाशे लागतात आणि मोठे ब्लॉक मोजून पंच्याहत्तर. पंच्याहत्तर हा आकडा ऐकताच मालकाला काम अठरापटींनी सोपे झाल्याचा भास होतो. छोटा ठोकळा तीन किलोंचा असतो आणि बिगारी तो एका हाताने झेलतो; ६ सेंटिमीटर जाडीचा मोठा ब्लॉक पन्नास किलोंच्या पुढे, म्हणजे सिमेंटच्या भरल्या गोणीपेक्षा जड असतो आणि तो झेलण्याचा प्रयत्न कोणी दुसऱ्यांदा करीत नाही.

वजन हा त्याचा किरकोळ दोष आहे. खरी अडचण कळण्यासाठी ओबडधोबड जमिनीवर मांडलेला पाट आठवावा. लहान पाट कसाही टेकतो. मोठा पाट तीन कोपऱ्यांवर बसतो, चौथ्या कोपऱ्यावर डुगडुगतो, आणि त्यावर बसलेल्या पाहुण्याने वरणाच्या वाटीकडे हात केला की सगळी पंगत कलल्यासारखी वाटते. मोठ्या ब्लॉकचे तेच होते, फक्त पाहुण्याच्या जागी मोटारीचे चाक असते. अभियंत्यांचा ठोकताळा असा आहे की, ब्लॉकची लांबी जाडीच्या चौपटीच्या आत असेल तोवर तो आपल्यावरचा भार शेजारच्या ठोकळ्यांना वाटून देत दबतो. लांबी त्यापुढे गेली की तो दोन टोकांवर टेकलेल्या फळीसारखा मध्ये वाकू पाहतो, आणि काँक्रीट ही दाब सोसण्यात भीमासारखी असली तरी वाकण्याच्या बाबतीत जुन्या वळणाची वस्तू असल्यामुळे ते वाकत नाही, मोडते. दोन फुटी ब्लॉक ६ सेंटिमीटर जाडीचा असेल तर हे प्रमाण चौपट नसून दहापट होते. म्हणून गाडी जिथून जाणार तिथे असा ब्लॉक घालायचा असेल तर तो बराच जाड तरी घ्यावा लागतो किंवा त्याच्याखाली काँक्रीटचा पक्का थर तरी द्यावा लागतो. ही दोन्ही कलमे कोटेशनमध्ये नसल्यामुळेच कोटेशन मालकाला पसंत पडलेले असते.

छोट्या ठोकळ्यांची ताकद ज्या गुणात असते त्याला 'इंटरलॉकिंग', म्हणजे परस्परांत अडकून राहणे, असे म्हणतात आणि ते तीन प्रकारचे मानतात: एकटा ठोकळा खाली खचू नये हे उभे, तो जागच्या जागी कलू नये हे फिरते आणि सगळी फौज गाडीच्या ब्रेकबरोबर पुढे सरकू नये हे आडवे. गंमत अशी की हे अडकणे नागमोडी आकारापेक्षा दोन ठोकळ्यांमधल्या फटीत भरलेल्या बारीक, कोरड्या वाळूमुळे साधते, आणि त्यासाठी ही फट २ ते ४ मिलिमीटर ठेवावीच लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या सभासदांप्रमाणे ठोकळेही एकमेकांना थेट टेकले की कडा झडतात. मध्ये थोडे अंतर आणि त्या अंतरात काही मऊ भरलेले असले, तर ते वर्षानुवर्षे एकमेकांना धरून राहतात. बंगलामालक मात्र पहिल्या दिवशीच कमरेवर हात ठेवून विचारतो, "अहो, या फटी का राहिल्यात? सिमेंट भरून घ्या की," आणि पैसे त्याचे असल्यामुळे सिमेंट भरले जाते, मग हलक्या पायाने थोडेथोडे हलू शकणारी ती फरसबंदी एकसंध लादी झाल्याचे सोंग आणते आणि पहिल्याच टँकरखाली फटीफटीतून तडकते.

आता पाया. गाडी चालणाऱ्या जागेसाठी ६ सेंटिमीटरचा ब्लॉक, त्याखाली तीन-चार सेंटिमीटर वाळू किंवा खाणीतली कच, आणि त्याखाली दाबलेल्या खडी-मुरमाचे किमान १० ते १५ सेंटिमीटर, अशी बेरीज केली तर साडेसात ते दहा इंच खोदावे लागते. महाराष्ट्राच्या काळ्या मातीत, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिथे ती माती काढून मुरमाचा भराव आणखी जाड घ्यावा लागतो. प्रत्यक्षात चार इंच खोदून झाले की मुकादम पहार टेकतो, जमिनीवर टाच आपटतो आणि म्हणतो, "साहेब, जमीन पक्की आहे." या वाक्याला आव्हान देणारा मालक अजून जन्मायचा आहे, कारण खोदलेली माती टाकायची कुठे हा प्रश्न त्यालाही पडलेला असतो.

मुरूम एकदम ओतून वरून बडवला तर वरचा भाग घट्ट होतो आणि खालचा पोकळ राहतो, म्हणून तो चार-सहा इंचांच्या थरांत पसरून प्रत्येक थर वेगळा दाबावा लागतो. त्यातही पाण्याचे प्रमाण साधावे लागते. १९३३ साली कॅलिफोर्नियात राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने धरणांच्या भरावासाठी ही गोष्ट प्रयोगांनी मांडून दाखवली: माती कोरडी असेल तर तिचे कण एकमेकांवरून सरकत नाहीत, फार ओली असेल तर मातीची जागा पाणीच अडवते, आणि या दोहोंच्या मध्ये एक ठराविक ओलावा असा असतो की त्यावर ती सर्वांत घट्ट दबते. बेसनाचे लाडू वळणाऱ्या कोणत्याही मराठी गृहिणीला हा सिद्धान्त प्रॉक्टरच्या आधीपासून अवगत आहे, कारण तूप कमी पडले तर लाडू फुटतो आणि जास्त झाले तर तो बसतो. साइटवरची कसोटीही लाडवाचीच आहे: ओला मुरूम मुठीत दाबावा, गोळा टिकावा आणि हाताला चिखल लागू नये. परंतु घरात लाडवावर देखरेख करायला आजी असते आणि मुरमावर देखरेख करायला कोणीच नसते. बिगारी पाइप सोडून चहाला जातो, परत येईपर्यंत मुरमाचे पिठले झालेले असते, आणि त्यावर थडथडणारे यंत्र फिरवले की ते यंत्रच हळूहळू आत उतरू लागते.

घराच्या जोत्यालगतची पट्टी हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. पाया खणताना, ड्रेनेजचे पाइप टाकताना आणि नळाची जोडणी करताना तिथे जे चर पडलेले असतात, ते बुजवताना तुटक्या विटा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि एखादी चप्पल यांचा सढळ हाताने उपयोग केलेला असतो. वर ब्लॉक आले की हे सर्व दिसेनासे होते आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर बाहेरूनही कळेल अशा रीतीने चराचा संपूर्ण नकाशा ब्लॉकांवर उमटतो. ड्रेनेजची लाइन कुठून गेली आहे हे सांगणारी कागदपत्रे ज्यांच्याकडे नसतात, त्यांना हा नकाशा पुढे उपयोगी पडतो, हे नमूद केले पाहिजे.

याखेरीज गाडी रोज त्याच वाटेने येते आणि जाते. टनभर वजनाच्या लहान गाडीच्या एकेका चाकावर अडीचशे किलोंच्या आसपास भार येतो आणि तो भार दिवसातून दोनदा त्याच दोन पट्ट्यांवरून फिरला की काही महिन्यांत तिथे दोन लांबट पन्हळी तयार होतात. चाकाने पाडलेली वाट ती चाकोरी. चाकोरीबाहेरचे काहीतरी करावे म्हणून ज्याने मोठे राखाडी ब्लॉक निवडले, त्याच्या दारात शब्दशः चाकोरी तयार व्हावी यात भाषेचा थोडासा खोडसाळपणा आहे. एप्रिलमध्ये दहा हजार लिटरचा टँकर 'फक्त दोन मिनिटं' म्हणून मागे घेत फाटकातून आत आला, तर त्यातले पाणीच दहा टन भरते. मग ब्लॉक काय करणार?

वाळूचा थर सारखा करण्यासाठी दोन बाजूंना दोन पाइप ठेवून त्यांवरून अॅल्युमिनियमची पट्टी ओढतात. ती ओढून झाल्यावर त्या गुळगुळीत वाळूवर कोणीही पाय ठेवायचा नसतो. शेजाऱ्यांचे मांजर, दूधवाला आणि टिचकीवाले काका असे तिघेही मात्र नेमके त्याच वेळी तिथून जातात. पायाचा उंचसखलपणा याच वाळूने झाकण्याचा मोह मुकादमाला होतो, म्हणजे जिथे खड्डा तिथे पाच इंच वाळू आणि जिथे उंचवटा तिथे अर्धा इंच. बसवल्यावर सगळे काचेसारखे सपाट दिसते. शंका घेतलीच तर उत्तर तयार असते: "गाडी फिरली की आपोआप बसेल." या विधानातले सत्य कोणालाही नाकारता येत नाही.

कडेच्या आधाराचीही अशीच कथा आहे. ठोकळ्यांना चारही बाजूंनी काँक्रीटमध्ये रोवलेली पक्की कड लागते, नाहीतर चाकाच्या रेट्याने ते एकेक मिलिमीटर बागेकडे स्थलांतर करतात. ती कड जास्वंदीच्या वाफ्याशेजारी बरी दिसत नाही असे घरातून मत पडते, कड रद्द होते आणि वर्षभरात शेवटची ओळ जास्वंदीच्या मुळाशी जाऊन टेकते. टोकाला उरलेल्या बोटभर रुंदीच्या जागेत ब्लॉक कापून बसवण्याऐवजी "तिथे माल भरून देतो" असे गवंडी सांगतो, आणि सिमेंट-वाळूचा तो माल पहिल्या पावसाळ्यात सुटा होऊन निघतो. ड्रेनेजच्या चेंबरचे झाकण तर ब्लॉकांच्या पातळीत असल्याचे उदाहरण दुर्मिळ आहे; ते एकतर ठेच लागेल इतके वर असते किंवा स्कूटर उडेल इतके खाली.

काम झाल्यानंतरच्या जीवनाविषयी थोडे सांगितले पाहिजे. पहिल्या काही महिन्यांत ब्लॉकांवर पांढरी भुकटी येते. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावल्याने ती तयार होते आणि कालांतराने पुष्कळशी निघून जाते, पण तोपर्यंत कंत्राटदाराने समुद्राची वाळू वापरली अशी बातमी नातेवाइकांत पसरलेली असते. फटींतली वाळू रोज सकाळी पाइप लावून गाडी धुणारा मालक वरून काढतो आणि मुंग्या खालून काढतात. रिकाम्या फटीत हरळी रुजते, आणि भाद्रपदात ज्यांना दूर्वा विकत घ्याव्या लागत नाहीत अशा घरांत ही घरे मोडतात. एखादा ब्लॉक सुटून त्याच्याखाली पाणी साठते, तो वरून इतरांसारखाच सज्जन दिसतो आणि इस्त्रीचा पायजमा घातलेल्या माणसाने त्याच्या कडेवर पाय ठेवताच गुडघ्यापर्यंत पिचकारी मारतो; मुंबई-पुण्याच्या पदपथांवर ही जात आधीच फैलावलेली असल्याने नागरिक तिच्यावरून पाय न ठेवता उडी मारायला शिकले आहेत. रांगोळीचे ठिपके फटींत हरवतात म्हणून दारात मुद्दाम शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवावा लागतो, म्हणजे ज्या फरशीला जुनाट म्हणून उखडले तिचीच दिवाळीत पूजा होते. आणि 'लागतील कधीतरी' म्हणून जास्त मागवलेले वीस-पंचवीस ब्लॉक घरामागे रचून ठेवलेले असतात. ते कुंडीखाली, पाण्याच्या पिंपाखाली, गाडीच्या चाकामागे आणि मुलांच्या क्रिकेटमध्ये स्टंप म्हणून लागतात, फक्त ब्लॉक फुटल्यावर लागत नाहीत, कारण तोवर त्यांचा आणि जमिनीवरच्यांचा रंग एक राहिलेला नसतो.

या सगळ्यांत तपासायला सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी तपासली जाणारी गोष्ट म्हणजे ढाळ, अर्थात पाणी वाहून जाण्यासाठी दिलेला उतार. तो पन्नासास एक असावा, म्हणजे दहा फूट रुंदीला सुमारे अडीच इंच. अडीच इंच ऐकून मालकाला घाट चढावा लागेल असे वाटते, मुकादम पाण्याच्या पारदर्शक नळीने पातळी घेतो आणि मालकाच्या समाधानासाठी सगळे इतके सपाट करतो की पाण्याला जाण्याचे काही कारणच उरत नाही. त्यात फाटकाबाहेरचा रस्ता दर डांबरीकरणाला थोडा वर येत असल्याने जुन्या बंगल्यांत बाहेरचे पाणी आत येते. तिथे फाटकापाशी जाळीची आडवी गटार केल्याशिवाय गत्यंतर नसते. तेव्हा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी घराच्या पायरीपाशी पाण्याच्या दोन बादल्या ओतून पाहाव्यात. पाणी फाटकाकडे गेले तर पैसे द्यावेत. पायरीपाशीच थांबले तर मुकादमाला चहा द्यावा आणि पैसे खिशात ठेवून ते पाणी दाखवावे.